जुन्या दुनळीची परीक्षा

२०२५ सालच्या जुलै महिन्यांत ब्रिटिश सरकारनें बंदुकींत वापरावयाच्या शिशाच्या छऱ्यांवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला, व व्यापाऱ्यांस आणि शिकाऱ्यांस नव्या व्यवस्थेशीं जमवून घेण्याकरितां तीन वर्षांची मुदत देण्याचें ठरविलें. ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळच्या दुनळी बंदुका आहेत त्यांस ही बातमी सुखाची नाहीं. शिसें गेलें तर पोलादी छरे वापरावे लागणार. पोलादी छरे जुन्या नळ्यांस सोसतातच असें नाहीं. मग या बंदुका काय नुसत्या भिंतीवर टांगून ठेवावयाच्या, असा त्यांचा प्रश्न आहे. आमच्या कित्येक वाचकांस वाटेल कीं, परदेशच्या सुखवस्तु लोकांची ही कुरकुर. तिच्याशीं आपणांस काय कर्तव्य आहे? परंतु लंडन, बर्मिंगहॅम आणि लिएज येथें घडविलेल्या असल्या बंदुका आमच्याकडील संस्थानिकांच्या वाड्यांत व जुन्या घराण्यांतही आलेल्या आहेत, आणि त्यांच्या वारसांपुढें आज तोच प्रश्न दुसऱ्या रूपानें उभा आहे. वाडवडिलांकडून आलेली वस्तु पूज्य म्हणून तशीच वापरावी, जुनाट म्हणून मोडींत काढावी, कीं तिची रीतसर परीक्षा करून मग काय तें ठरवावें? प्रश्न एका बंदुकीचा दिसतो. पण त्याचें उत्तर देण्याची जी रीत आहे ती पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडण्यासारखी आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बंदूक तोंडाकडून ठासावी लागे. पुढें कासिमिर लेफोशो या पॅरिस येथील कारागिरानें मागून उघडणारी बंदूक प्रचारांत आणली; १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत ती इंग्रज कारागिरांच्या नजरेस पडली, आणि त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत या धंद्याचें रूपच पालटलें. १८७५ सालीं बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यांतील ॲन्सन आणि डीली या दोघांनीं, बंदूक उघडतांना नळ्या खालीं वांकतात त्याच हालचालीनें आंतील घोडे चढावेत, अशी युक्ति काढून तिचें पेटंट घेतलें. ती युक्ति इतकी सुटसुटीत आहे कीं, आज दीडशें वर्षें झालीं तरी जगांतील असंख्य दुनळ्या तिच्याच धर्तीवर बनतात. आक्रोडाच्या मुळाजवळील लांकडाचा दस्ता, एकमेकींशेजारीं डाख देऊन जोडलेल्या दोन नळ्या, हातानें कोरलेली नक्षी, आणि उचलली असतां आपोआप खांद्याशीं बसावी असा तोल, हीं सर्व पाहिलीं म्हणजे मनुष्याच्या हाताची तारीफ केल्यावांचून राहवत नाहीं. अशी वस्तु बाळगण्याची हौस असणें यांत आम्हांस वावगें कांहीं दिसत नाहीं. जुनें घड्याळ किंवा जुना तंबोरा जतन करणाऱ्यास आपण रसिक म्हणतों. तोच न्याय येथेंही लागू आहे.

परंतु घड्याळ बिघडलें तर वेळ चुकते. बंदूक बिघडली तर हाताची बोटें जातात, डोळा जातो, प्रसंगीं शेजाऱ्याचा प्राण जातो. एवढा भेद लक्षांत ठेवूनच युरोपांतील लोकांनीं या धंद्यास फार पूर्वींपासून एक वेसण घातली आहे. तिचें नांव परीक्षा. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळीस १६३७ सालीं राजाची सनद मिळाली, व नळ्यांची परीक्षा करून त्यांवर शिक्का मारण्याचा अधिकार तिच्याकडे आला. बेल्जममधील लिएज येथें ही व्यवस्था १६७२ पासूनची आहे. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झालें. परीक्षेची रीत साधी पण निष्ठुर आहे. नेहमींच्या बारापेक्षां जाणून-बुजून जबर बार नळींत भरावयाचा, माणसानें आडोशास उभें राहून तो उडवावयाचा, आणि मग नळी फुगली, चिरली किंवा सांधा ढिला झाला कीं काय हें बारकाईनें तपासावयाचें. जी टिकली तिच्यावर शिक्का. जी टिकली नाहीं ती बाद. आज युरोपांत बारा बोअरच्या साधारण काडतुसाचा दाब ७४० बारपर्यंत असूं देतात. परंतु नळीची परीक्षा घ्यावयाची ती निदान ९३० बारच्या दाबानें. हवेचा जो दाब आपल्या अंगावर नित्य असतो त्याच्या नऊशें पटींहून हा अधिक झाला. नित्याच्या कामास लागते त्याहून अधिक ताकद जिनें दाखविली तिच्यावरच विश्वास टाकावा, असें हें तत्त्व आहे.

या शिक्क्याचें महत्त्व आमच्या व्यापारी वाचकांस विशेष समजेल. लिएजच्या कारखान्यांतून गेल्या शतकापूर्वीं सर्व जगास बंदुका जात. त्यांत उत्तम माल होता, तसाच अगदीं हलकाही होता. आणि हलक्या मालावर कित्येक वेळां नामांकित इंग्रज कारागिरांच्या नांवाशीं मिळतें-जुळतें नांव, एखादें अक्षर इकडचें तिकडे करून, कोरलेलें असे. घेणारा नांव पाही आणि फसे. परंतु त्याच नळीच्या खालच्या अंगास, दस्त्याकडील लांकूड काढल्यावर दिसेल अशा जागीं, लंबवर्तुळांत कोरलेलीं तीन अक्षरें आणि त्यांवर मुगुट असा लिएजच्या परीक्षागृहाचा शिक्का असे. आणि तो मात्र ही नळी कोठें परीक्षिली गेली तें साफ सांगून टाकी. वरचें नांव खोटें बोले, खालचा शिक्का खरें बोले. सोन्याच्या दागिन्यावरील छापाचें प्रयोजन तरी दुसरें काय आहे? आमच्या देशांत २०२१ पासून दागिन्यांवरील छाप टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला, तेव्हां पेढीची पिढ्यानपिढ्यांची अब्रू असतांना छाप कशाला, असें म्हणणारे सराफ निघालेच. त्यांस उत्तर एवढेंच कीं, ज्याची अब्रू खरी आहे त्यास छापाचें भय नसतें, आणि ज्याची खोटी आहे त्याच्यापासून गिऱ्हाइकाचें रक्षण छापच करतो.

आतां जुनी बंदूक वापरणारा जेथें चुकतो त्या जागा पाहूं. पहिली चूक काडतुसाच्या लांबीची. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतील पुष्कळ युरोपियन दुनळ्यांत काडतूस बसण्याची जागा अडीच इंच, म्हणजे सुमारें ६५ मिलिमीटर असते. हल्लींचें साधारण काडतूस ७० मिलिमीटरांचें. मालक म्हणतो, ‘‘काडतूस तर आंत सहज बसतें, मग बिघडलें कोठें?’’ येथेंच खरा घात आहे. काडतुसावर जी लांबी लिहिलेली असते ती बार उडून त्याचें तोंड उलगडल्यानंतरची असते. तोंड मिटलेलें असतांना तें आंखूड असल्यामुळें आंखूड जागेंतही शिरतें. परंतु बार उडतांच तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागांत जातें, छऱ्यांची वाट अरुंद होते, आणि नळींतील दाब भलताच वाढतो. वस्तु आंत बसली म्हणजे ती योग्यच झाली, हा तर्क जसा येथें फसवा आहे तसा तो इतरत्रही पुष्कळदां फसवा ठरतो.

दुसरी चूक दारूची. एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक नळ्या काळ्या दारूकरितां घडविलेल्या व तिनेंच परीक्षिलेल्या असत. त्या शतकाच्या उत्तरार्धांत बिनधुराची नवी दारू आली. तिचा गुण निराळा, दाबाची चाल निराळी. म्हणून नव्या दारूनें परीक्षा झालेल्या नळ्यांवर निराळा शिक्का मारूं लागले. तो शिक्का ज्या नळीवर नाहीं तिच्यांत बाजारांतलें हल्लींचें काडतूस घालणें म्हणजे बैलगाडीच्या चाकांवर मोटारीचें यंत्र बसविण्यासारखें आहे. तिसरी चूक ही कीं, एकदां मिळालेला शिक्का अजरामर आहे असें समजणें. नळी गंजते, गंज काढण्याकरितां आंतून घासली जाते, घासतां घासतां तिची भिंत पातळ होते व पोकळी रुंदावते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असतां त्यांपैकीं एक जींत बसेल अशी नळी. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर. शिक्क्याच्या वेळीं नोंदलेल्या मापाहून ही पोकळी ठराविक मर्यादेपलीकडे वाढली कीं इंग्लंडांत ती बंदूक परीक्षेबाहेर गेली असें मानतात. आणि फिरून परीक्षा झाल्यावांचून ती विकणें १८६८ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. शिक्का कितीही मानाचा असला तरी ज्या वस्तूवर तो मारला ती वस्तु आज तशी राहिली आहे कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी शिक्क्यावर टाकतां येत नाहीं.

येथें दुसऱ्या बाजूच्या अंधश्रद्धेसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या तापवून, एका गजाभोंवतीं गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या ज्या नळ्या दमास्कस या नांवानें प्रसिद्ध आहेत, त्यांवर लाटांसारखी सुंदर नक्षी उमटते. लिएजजवळच्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यांत या कामाचे कसबी कारागीर असत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती कला मावळली. कित्येक शहाणे असें सांगतात कीं, दमास्कस नळी म्हटली कीं ती फुटायचीच. ती मोडींत टाका. हें म्हणणें ‘जुनें तें सोनें’ म्हणण्याइतकेंच आंधळें आहे. इंग्लंडांतील परीक्षागृहांत आजही चांगल्या स्थितींतील दमास्कस नळ्या नव्या दारूच्या परीक्षेंत उतरतात व शिक्का मिळवितात. आणि गंजलेली, घासून पातळ झालेली पोलादी नळी त्याच ठिकाणीं नापास होते. म्हणजे जुनेपणा हा दोष नव्हे आणि गुणही नव्हे. परीक्षा न करणें हा दोष आहे. आमच्याकडे बाजारांत मडकें घेणारी बाईसुद्धां तें वाजवून घेते. जाणता बंदूककारही नळ्या सोडवून, अधांतरीं धरून, बोटाच्या पेरानें हलकेच वाजवून पाहतो. सांधे धड असतील तर त्या घंटेसारख्या नाद देतात, डाख कोठें सुटला असेल तर आवाज बद्द येतो. परंतु कानानें घेतलेली परीक्षा ही केवळ पहिली पायरी होय. मापें घेणारें यंत्र आणि परीक्षागृहाचा जबर बार ही पुढची.

आतां शिशाच्या प्रश्नाकडे वळूं. शिसें विषारी आहे हें कोणास नवें नाहीं. दलदलींत व तळ्यांत पडलेले छरे पाणपक्षी खडे समजून गिळतात. दाणे दळण्याकरितां खडे गिळण्याची त्यांची रीतच आहे. ते छरे पोटांत झिजतात व पक्षी विषबाधेनें मरतात. डेन्मार्कनें १९९६ पासून शिकारींत शिशाचे छरे सर्वस्वीं बंद केले. युरोपीय संघानें फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागीं व त्यांच्या आसपास त्यांस मनाई केली. यावर जुन्या बंदुकांच्या मालकांचें म्हणणें असें कीं, पोलाद शिशापेक्षां फार कठीण. नळीच्या तोंडाशीं जी आवळ असते तींतून शिशाचे मऊ छरे दबून निघतात, पोलादी छरे दबत नाहींत, आणि त्यामुळें आवळ फुगते. हें म्हणणें खरें आहे. परंतु त्यावरून पक्ष्यांनीं विष खात राहावें असा निष्कर्ष कसा निघतो? बिस्मथ नांवाचा मऊ धातु आहे. त्याची घनता शिशापेक्षां कांहींशी कमी पण पोलादाहून बरीच अधिक. त्याचे छरे जुन्या नळ्यांस सहसा मानवतात. ते महाग आहेत, ही गोष्ट खरी. पण जो मनुष्य शंभर वर्षांची नामांकित बंदूक बाळगण्याची हौस करतो, त्यानें त्या हौसेची किंमत तळ्यांतल्या बदकाकडून वसूल करावी, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

शिवाय असले आक्षेप नवे नाहींत. एके काळीं पिंजऱ्यांतून जिवंत कबुतरें सोडून त्यांवर नेम धरणें हा युरोपांतील श्रीमंतांचा मानाचा खेळ होता. १९०० सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं देखील तो झाला. इंग्लंडांत १९२१ च्या कायद्यानें तो बंद करण्यांत आला. पण खेळ बुडाला काय? मुळींच नाहीं. यंत्रानें आकाशांत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या कबुतरांच्या जागीं आल्या; नेमबाजीचें कौशल्य जसेंच्या तसें राहिलें, गेली ती फक्त क्रूरता. २००४ सालीं अथेन्स येथें राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं भारताकरितां रौप्यपदक मिळविलें तें अशाच तबकड्यांवर नेम धरून. सुधारणेनें रस नाहींसा होतो अशी ओरड करणारांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

आतां आमच्या घरचा विचार. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत जो शस्त्रांचा कायदा झाला त्यानें एतद्देशीयांस परवान्याची सक्ति केली, आणि युरोपियनांस त्यांतून सूट होती. या अपमानाविरुद्ध आमच्या पुढाऱ्यांनीं वर्षानुवर्षें आवाज उठविला तो योग्यच होता. त्या अपमानाची एक वाईट खूण मात्र मागें राहिली आहे. ती ही कीं, आमच्यांतील पुष्कळांस बंदुकीचा परवाना म्हणजे जोखमीचा कागद न वाटतां प्रतिष्ठेचें पदक वाटतो. जें एकदां गोऱ्या साहेबांचें आणि राजेरजवाड्यांचें भूषण होतें तें आपल्या खांद्यावर आलें म्हणजे आपण मोठे झालों, असा हा भ्रम आहे. त्याचीं फळें उत्तरेकडील लग्नांच्या वरातींत दिसतात. नवरदेव घोड्यावर, भोंवतीं सगेसोयरे, आणि कोणी तरी आनंदाच्या भरांत हवेंत बार काढतो; मग वरातींतला एखादा पाहुणा किंवा गच्चीवरून पाहणारें एखादें मूल कायमचें निजतें. २०१९ च्या दुरुस्तीनें असा बार काढणें हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास, किंवा दोहोंस, पात्र असा गुन्हा ठरविला, तें फार चांगलें झालें.

त्याच दुरुस्तीनें, १९५९ च्या कायद्याखालीं एका इसमास तीन बंदुका बाळगण्याची जी मुभा होती ती दोनांवर आणली. मूळ विधेयकांत तर एकच ठेवावयाची होती. तक्रारी झाल्यावर दोन झाल्या. वारसाहक्कानें आलेल्या बंदुकांसही ही मर्यादा लागू केली, व जास्त असलेलीं शस्त्रें एका वर्षांत ठाण्यांत किंवा परवानेवाल्या व्यापाऱ्याकडे जमा करण्यास सांगितलें. यावर जुन्या घराण्यांची तक्रार आहे कीं, पूर्वजांच्या हातची वस्तु अशी भंगारांत कां जावी? आमच्या मतें या तक्रारींत निम्मा न्याय आहे आणि निम्मा हट्ट. न्याय एवढा कीं, दीडशें वर्षांपूर्वींची कारागिरी ही केवळ मालकाची मिळकत नसून समाजाचा ठेवा आहे, आणि ती ठाण्याच्या कोपऱ्यांत गंजत पडावी हें कोणाच्याच हिताचें नाहीं. हट्ट असा कीं, ठेवा म्हणून जतन करणें आणि बार उडण्याजोगें शस्त्र म्हणून बाळगणें यांतील भेद हीं घराणीं मान्य करीत नाहींत. पणजोबांची आठवणच जपावयाची असेल तर ती बार न उडणाऱ्या बंदुकीनेंही जपली जाते.

तेव्हां आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, परवान्याची मुदत २०१९ पासून तीनांऐवजीं पांच वर्षांची झाली आहे. मुदत वाढवितांना केवळ नंबर आणि कागद जुळविणें पुरेसें समजूं नये, तर पन्नास वर्षांहून जुन्या प्रत्येक बंदुकीची नळी, माप व काडतुसाची जागा जाणत्या कारागिराकडून तपासून तसा दाखला घेतला जावा. पुण्याजवळ खडकीस बारा बोअरचीं काडतुसें तयार होतात. काडतुसें जेथें होतात तेथें दाबाचें ज्ञान असणारच. त्या ज्ञानाचा लाभ परवानेवाल्या सामान्य नागरिकांस मिळण्याची सोय करणें सरकारास अवघड नाहीं. दुसरी सूचना ही कीं, मर्यादेबाहेर गेलेली बंदूक कलाकुसरीची असेल तर तिचें काम कायमचें बंद करून ती वस्तुसंग्रहालयास देण्याची सोपी वाट असावी, आणि देणाऱ्याचें नांव तिच्याखालीं लिहावें. तिसरी सूचना सरकारास नव्हे, मालकांस आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवस गेले आहेत व ते परत येऊं नयेत. ज्यास बार काढण्याची हौस असेल त्यानें नेमबाजीच्या मैदानावर जावें, तबकडीवर नेम धरावा, आणि तत्पूर्वीं आपल्या दुनळीचें लांकूड काढून खालचे शिक्के वाचून घ्यावेत. शिक्का नसेल, वाचतां येत नसेल, किंवा नळीबद्दल तिळमात्र शंका असेल, तर ती बंदूक भिंतीवर टांगावी आणि भिंतीवरच राहूं द्यावी.

आमच्यापैकीं बहुतेकांच्या घरीं दुनळी नसेल. पण वाडवडिलांकडून आलेल्या चालीरीति, समजुती व अधिकार यांचें भांडार प्रत्येकाच्या घरीं आहे. त्यांतील कांहींवर मोठीं नांवें कोरलेलीं आहेत, कांहींवर नक्षी फार सुंदर आहे, आणि कांहीं आजच्या काडतुसास मुळींच सोसणार नाहींत. त्यांपैकीं कोणती टिकाऊ आणि कोणती घातक हें नांवावरून, नक्षीवरून किंवा वयावरून ठरत नाहीं. लंडनच्या बंदूककारांनीं जवळ जवळ चारशें वर्षांपूर्वीं पत्करलेली वाट हीच सरळ आहे. नित्यापेक्षां जबर बार भरावा, आडोशास उभें राहावें, आणि काय टिकतें तें उघड्या डोळ्यांनीं पाहावें. जें टिकेल तें आदरानें वापरावें. जें टिकणार नाहीं त्याबद्दल शोक करीत बसूं नये. परीक्षेस भिणारा वारसा हा वारसा नव्हे, तो केवळ भार आहे. आणि तसला भार मुलांच्या हातीं देणें हें कोणत्याही वडिलांस शोभत नाहीं.